भार नेमका कुठे अडतो : पिकअप ट्रक आणि जड ट्रॅव्हल ट्रेलर यांचा मेळ

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारे एखादे कुटुंब जेव्हा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेली, पण स्वतःचे इंजिन नसल्याने दुसऱ्या वाहनाने ओढावी लागणारी चाकांवरची खोली, विकत घेण्याचा विचार करते, तेव्हा विक्रेत्याकडून त्याच्यापुढे बहुधा एकच आकडा ठेवला जातो आणि तो असतो ट्रकच्या ओढक्षमतेचा. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० किंवा राम १५०० यांसारख्या, 'अर्धा टनी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिकअप ट्रकांच्या जाहिरातींत अकरा हजार पौंडांचे आणि त्याहूनही मोठे आकडे झळकत असल्यामुळे, आठ हजार पौंडांचा ट्रेलर असा ट्रक लीलया ओढेल आणि वर तीन हजार पौंड शिल्लक राहतील, असे गणित कोणीही मनात मांडतो. हे गणित पुष्कळदा चुकते, कारण ट्रकवर एकाच वेळी निदान पाच मर्यादा लागू असतात आणि ट्रक-ट्रेलरच्या जोडीची खरी क्षमता त्यांतली जी सर्वांत आधी भरते तिच्यावर ठरते. मुलेबाळे आणि सामानसुमान घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या बाबतीत ही आधी भरणारी मर्यादा ओढण्याची नसते, ती ट्रकच्या स्वतःच्या अंगावर पेलायच्या भाराची असते. (या लेखातील वजने पौंडांत दिली आहेत, कारण तिकडची सगळी लेबले आणि वजनकाटे पौंडांतच बोलतात, १,००० पौंड म्हणजे सुमारे ४५४ किलो.)

जाहिरातीतला ओढक्षमतेचा आकडा खोटा असतो असे मात्र नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढत असे आणि त्यामुळे दोन कंपन्यांच्या दाव्यांची तुलना करणे निरर्थक ठरे. पुढे अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने २००८ मध्ये जे-२८०७ नावाचे चाचणी-मानक प्रसिद्ध केले, टोयोटाने ते आपल्या टुंड्रा ट्रकसाठी सर्वांआधी स्वीकारले, आणि तिन्ही मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे अर्धा टनी ट्रक २०१५ च्या मॉडेलांपासून त्या चौकटीत आले. या मानकानुसार ट्रकला भारासह ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, बाहेर शंभर अंश फॅरनहाइटचे ऊन आणि आत वातानुकूलन पूर्ण वेगाने सुरू असताना, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढावा लागतो, आणि सपाट रस्त्यावर ताशी ६० मैलांचा वेग तीस सेकंदांच्या आत गाठावा लागतो. (मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके असलेल्या मोठ्या ट्रकांना यात थोडी सवलत आहे.) इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक यांची ही कसोटी कठोरच म्हणावी लागेल. परंतु तिची गृहीतके पाहण्याजोगी आहेत : ट्रकमध्ये चालक आणि एक सहप्रवासी एवढेच दोघे, त्यांचे वजन प्रत्येकी १५० पौंड, जोडणीच्या साहित्याचे सुमारे ७० पौंड, आणि ट्रेलरच्या वजनाचा फक्त दहा टक्के भार ट्रकवर टेकलेला. मागच्या सीटवरची दोन मुले, ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यातल्या सायकली, बर्फाची पेटी, जनरेटर आणि जळाऊ लाकूड यांना त्या हिशेबात जागा नाही.

खरा हिशेब ट्रकच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या दोन लेबलांपासून सुरू होतो. त्यांतल्या प्रमाणन-लेबलवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रकच्या स्वतःच्या चाकांवर माणसे, इंधन, सामान आणि ट्रेलरचा टेकलेला भार मिळून जास्तीत जास्त किती वजन यावे याची मर्यादा असते, आणि त्याशिवाय पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलची वेगवेगळी मर्यादा, जिला जीएडब्ल्यूआर म्हणतात, तीही दिलेली असते. दुसरे लेबल टायर आणि भार यांविषयीचे, पिवळ्या पट्टीमुळे चटकन ओळखू येणारे. फायरस्टोन टायर फुटून फोर्ड एक्स्प्लोररच्या झालेल्या अपघातांनंतर २००० साली ट्रेड कायदा झाला, आणि त्याला अनुसरून आलेल्या नियमांनी या लेबलला आजचे रूप दिले. या लेबलवर 'प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पौंडांहून अधिक असू नये' अशा अर्थाचे एक वाक्य छापलेले असते, आणि त्यातला आकडा म्हणजेच पेलोड. हा आकडा त्या मॉडेलचा सरसकट नसून त्या विशिष्ट गाडीचा असतो, हे त्याचे महत्त्व. एकाच वर्षाच्या, एकाच इंजिनाच्या, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन ट्रकांत तो चारशे पौंडांनी वेगळा निघू शकतो, कारण चारचाकी चालन, काचेचे सरकते छप्पर, विजेवर हलणाऱ्या चामडी सीटा, मोठी चाके, बाजूच्या पायऱ्या अशी प्रत्येक चैन कारखान्यातच ट्रकच्या वजनात भर घालते आणि तेवढीच पेलोडमधून वजा होते. म्हणून सर्वांत महागडा ट्रक सर्वांत कमी भार पेलतो असे उलटे चित्र विक्रेत्याच्या आवारात नेहमी दिसते. 'अर्धा टन', 'पाऊण टन', 'एक टन' ही नावे एके काळी पेलोडची निदर्शक होती. आज ती केवळ वर्ग सांगतात.

चौथी मर्यादा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर मिळून रस्त्यावर येणाऱ्या एकूण वजनाची. ती दारावर सहसा नसते. उत्पादकाच्या ट्रेलर-ओढ पुस्तिकेतल्या तक्त्यात इंजिन, गिअर आणि अ‍ॅक्सलचे गुणोत्तर जुळवून शोधावी लागते. अ‍ॅक्सलचे गुणोत्तर म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो याची संख्या, ३.५५ ऐवजी ३.७३ किंवा ४.१० असेल तर ओढ वाढते आणि इंधनही जास्त लागते. पाचवी मर्यादा ट्रकच्या मागे बसवलेल्या चौकोनी पोकळ नळीची, म्हणजे रिसीव्हरची. तिच्या लेबलवर आकड्यांच्या दोन जोड्या छापलेल्या असतात : ट्रेलर ज्यावर अडकतो त्या नुसत्या चेंडूवर भार टेकवल्यास लागू होणारी, आणि भारवाटप करणारी हिच, म्हणजे जोडणी, वापरल्यास लागू होणारी (तिच्याविषयी पुढे येईल). पुष्कळ अर्धा टनी ट्रकांत पहिली जोडी ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि ५०० पौंडांचा टेकलेला भार एवढ्यावरच थांबते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी फारसे कोणी सांगत नाही.

ट्रेलरच्या बाजूला फसवणारा आकडा म्हणजे कोरडे वजन. माहितीपत्रकात ठळक छापलेले हे वजन रिकाम्या ट्रेलरचे असते. त्यात टाकीतले पाणी नसते, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, किराणा, खुर्च्या, नळ्या, हत्यारे नसतात, आणि विक्रेत्याकडे मागाहून बसवल्या जाणाऱ्या बॅटऱ्याही बहुधा नसतात. पाणी गॅलनला ८.३ पौंड भरते. पन्नास गॅलनांची टाकी भरली की ४१५ पौंड एका नळाखाली वाढले. पाण्याचा हा भार सामानाच्या क्षमतेतूनच वजा होतो याची जाणीव देणारा इशारा अमेरिकी नियमांनुसार ट्रेलरच्या लेबलवर छापावा लागतो, आणि ज्या अर्थी तो छापावा लागतो त्या अर्थी लोक ते विसरतात असे मानायला हरकत नाही. कोरड्या वजनावर ट्रक निवडणे म्हणूनच निरुपयोगी. ट्रेलरची स्वतःची जीव्हीडब्ल्यूआर धरणे सर्वांत सुरक्षित, आणि तेवढे सामान भरले जाणार नाही याची खात्री असेल, तर कोरड्या वजनात हजार ते पंधराशे पौंड मिळवून चालणे व्यवहार्य ठरते.

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी जेवढा भाग जोडणीच्या चेंडूवर उभा टेकतो त्याला टंग वेट म्हणतात. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तो दहा ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असावा असा दंडक आहे, आणि प्रत्यक्षात लांब ट्रेलरांचा तो बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास राहणे चांगले, कारण तो घटला तर होणारे नुकसान तो थोडा वाढल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा फार मोठे असते. मागे भार जास्त झाला की बैलगाडी उलाळते आणि जू मानेवरून वर उचलले जाते, तसाच काहीसा प्रकार इथे घडतो, फरक एवढाच की ताशी साठ मैलांच्या वेगात उचललेल्या पुढच्या टोकामुळे ट्रेलर आडवा झुलू लागतो. बाजूने गेलेल्या मोठ्या मालट्रकच्या हवेचा झोत किंवा पुलावरचा वारा हे निमित्त होते. भाराचा मध्य अ‍ॅक्सलच्या फार जवळ किंवा मागे असेल तर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलर ट्रकलाच आपल्यामागे खेचतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक जोराने दाबणे किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे घातक ठरते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून, स्टिअरिंग सरळ धरून, डॅशबोर्डवरील ब्रेक कंट्रोलरच्या हाताने दाबायच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले की ट्रेलर मागे ओढला जाऊन रेषेत येतो. ही कळ कुठे आहे ते हात न चाचपडता सापडले पाहिजे, म्हणून प्रवासाआधी ती दोन-चार वेळा वापरून पाहावी.

टंग वेट कमी करण्यासाठी जड सामान मागच्या टोकाला नेण्याचा मोह त्यामुळेच टाळावा लागतो; आणि माहितीपत्रकातल्या कोरड्या टंग वेटवरही विसंबता येत नाही, कारण भरल्यावर प्रत्येकी पंचावन्न पौंडांच्या आसपास जाणारे दोन मोठे प्रोपेन सिलिंडर आणि प्रत्येकी साठ पौंडांच्या बॅटऱ्या बरोबर ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी चौकटीवर बसतात, आणि सामानाचा मोठा कप्पाही बहुधा पुढच्याच भागात असतो.

आता एक नमुना हिशेब पाहता येईल. समजा, एका अर्धा टनी, चार दारांच्या ट्रकची जाहिरातीतली ओढक्षमता ११,००० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर ७,००० पौंड, जीसीडब्ल्यूआर १७,००० पौंड, मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ४,०५० पौंड, आणि पिवळ्या लेबलवरचा पेलोड १,५०० पौंड आहे. ट्रेलरचे कोरडे वजन ६,८०० पौंड आणि जीव्हीडब्ल्यूआर ८,६०० पौंड असून, पाणी (४१५), गॅस व बॅटऱ्या (सुमारे २००) आणि घरगुती सामान (५८५) भरल्यावर तो ८,००० पौंडांवर पोहोचतो. तेरा टक्क्यांनी त्याचे टंग वेट १,०४० पौंड झाले. भारवाटप करणाऱ्या हिचचे स्वतःचे वजन ९० पौंड. आईवडील आणि दोन मुले मिळून ४५० पौंड. हौद्यावरचे झाकण, बर्फाची पेटी, हत्यारे, सायकली मिळून २२० पौंड. बेरीज १,८०० पौंड. ओढक्षमतेच्या दृष्टीने अजून ३,००० पौंडांना वाव असताना पेलोड ३०० पौंडांनी ओलांडला गेला आहे, आणि या कुटुंबाने अजून एखादा पाहुणाही बरोबर घेतलेला नाही.

हाच हिशेब उलट्या दिशेने केला तर खरेदीपूर्वी जास्त उपयोगी पडतो. पेलोडमधून माणसे, हौद्यातले सामान आणि हिच वजा करावी, आणि उरलेल्या आकड्याला ०.१३ ने भागावे. वरच्या ट्रकसाठी १,५०० उणे ७६० म्हणजे ७४० पौंड उरतात आणि त्यावरून पूर्ण भरलेला ट्रेलर सुमारे ५,७०० पौंडांचा असावा असे उत्तर येते. ज्या ट्रकला अकरा हजारांचा म्हटले जाते तो या कुटुंबापुरता जेमतेम पावणेसहा हजारांचा आहे. विक्रेत्याच्या आवारात उभे राहून, दार उघडून, त्या लेबलचा फोनवर फोटो घेऊन हे गणित पाच मिनिटांत होते, आणि ट्रक इंटरनेटवरून मागवायचा असेल तर लेबलचा फोटो आधी मागून घ्यावा. तो देण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेण्यासारखे फारसे काही नसते.

भारवाटप करणारी हिच या प्रश्नावरचा रामबाण उपाय असल्याचा समज बराच पसरलेला आहे, त्यामुळे तिचे कार्य नीट समजून घ्यावे लागते. चेंडू ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे चार-पाच फुटांवर असतो. त्यावर हजार पौंड टेकले की तरफेच्या नियमाने मागचा अ‍ॅक्सल हजाराहून अधिक भार घेतो आणि पुढच्या चाकांवरचा भार घटतो, परिणामी स्टिअरिंग हलके पडते, पुढचे ब्रेक कमी धरतात आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. भारवाटप हिचमध्ये चेंडूखालून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत जाणारे दोन लवचिक पोलादी दांडे ताण देऊन बसवतात. ते मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार उचलून पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि काही ट्रेलरच्या अ‍ॅक्सलांवर नेतात. त्यामुळे ट्रकवरचा भार थोडा हलका होतो, पण ट्रकची कोणतीही छापील मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. दांड्यांना किती ताण द्यायचा हे मोजायला साधी मोजपट्टी पुरते. ट्रेलर न जोडता, सपाट जागेवर, पुढच्या चाकाच्या बरोबर मध्यावर जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची घ्यावी. ती समजा ३८ इंच आली. ट्रेलर जोडून, दांडे न चढवता, तीच उंची ३९½ इंच झाली, म्हणजे पुढचे टोक दीड इंच उचलले गेले. उत्पादकाच्या पुस्तिकेत ही उचल किती परत मिळवायची ते दिलेले असते. निम्मी म्हटली असेल, तर दांडे एकेक कडीने ताणत उंची ३८¾ इंचांवर आली की थांबावे. पुस्तिकेने सांगितल्याहून अधिक ताण देऊन पुढचे टोक मूळ उंचीच्याही खाली दाबणे चुकीचे, कारण त्यामुळे मागची चाके हलकी पडून ओल्या रस्त्यावर घसरतात.

कागदावरचे हे सर्व आकडे शेवटी वजनकाट्यावर तपासावे लागतात, आणि त्याची उत्तर अमेरिकेत फार चांगली सोय आहे. महामार्गांवरच्या मालट्रकांच्या थांब्यांवर कॅट स्केल या कंपनीचे मोठे काटे असतात, ज्यांत सलग पट्ट्या असल्याने ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलरचे अ‍ॅक्सल यांची वजने एकाच वेळी वेगवेगळी मिळतात. मालट्रकचालकांच्या रांगेत खासगी गाडीने शिरायला पुष्कळांना संकोच वाटतो. वस्तुतः पट्ट्यांच्या सांध्यांवर चाके येणार नाहीत अशी गाडी उभी करून बोलण्याचे बटण दाबले की काम होते, आणि त्याच दिवशी पुन्हा वजन करायचे असेल तर ते कमी दरात होते. घरून निघतानाच्या स्थितीत, म्हणजे पूर्ण टाकी, सर्व माणसे आणि सर्व सामान यांसह, तीन वजने घ्यावीत : दांडे ताणलेले असताना, दांडे उतरवून, आणि ट्रेलर बाजूला सोडून एकट्या ट्रकचे. उतरवलेले दांडे हौद्यात ठेवावेत, नाहीतर हिशेब बिघडतो.

वरच्या नमुन्यातल्या जोडीची पावती साधारणपणे अशी येईल. एकटा ट्रक : पुढे ३,३६०, मागे २,९००, एकूण ६,२६०. ट्रेलर जोडून, दांड्यांशिवाय : पुढे २,९८०, मागे ४,३२०, ट्रेलरचे अ‍ॅक्सल ६,९६०, एकूण १४,२६०. दांडे ताणून : पुढे ३,२००, मागे ३,९६०, ट्रेलरचे अ‍ॅक्सल ७,१००, एकूण पुन्हा १४,२६०. दुसऱ्या पावतीतल्या ट्रकच्या दोन अ‍ॅक्सलांच्या बेरजेतून, म्हणजे ७,३०० मधून, एकट्या ट्रकचे ६,२६० वजा केले की टंग वेट १,०४० मिळते. एकूण १४,२६० मधून ६,२६० वजा केले की ट्रेलरचे खरे वजन ८,००० मिळते. दांड्यांशिवाय मागचा अ‍ॅक्सल ४,०५० ची मर्यादा २७० पौंडांनी ओलांडत होता, तो दांड्यांमुळे मर्यादेत आला. पुढच्या अ‍ॅक्सलने गमावलेल्या ३८० पौंडांपैकी २२० परत मिळवले. तरीही ट्रकवरचे एकूण ७,१६० पौंड जीव्हीडब्ल्यूआरपेक्षा १६० नी जास्तच आहेत. एकत्रित वजन मात्र १७,००० च्या पुष्कळ आत आहे.

हे समाधानही समुद्रसपाटीजवळच्या प्रदेशापुरतेच. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, म्हणून फोर्डसारखे उत्पादक दर हजार फूट उंचीमागे एकत्रित वजनाची मर्यादा दोन टक्क्यांनी कमी धरण्यास सांगतात. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी अकरा हजार फुटांच्या वर जातो. तिथे सुमारे वीस टक्के घट धरली तर १७,००० चे १३,६०० होतात आणि आपली १४,२६० पौंडांची जोडी, जी टेक्साससारख्या सपाट मुलखात या मर्यादेत आरामात बसत होती, ती मर्यादेबाहेर जाते. टर्बोचार्जर असलेली इंजिने उंचीवर कमी दमतात हे खरे, पण पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर नियम तोच पाळावा. चढापेक्षाही उतार अधिक कठीण. बोगद्याच्या पलीकडे डिलन गावाकडे उतरणाऱ्या लांब उतरणीवर टो-हॉल मोड, म्हणजे ओढकामासाठीची गिअरबॉक्सची सोय, लावून, वरूनच खालच्या गिअरमध्ये येऊन इंजिनाच्या रोधाने वेग धरावा लागतो. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ते तापून निकामी होतात. तिथे रस्त्याच्या कडेला रेतीने भरलेले सुटकेचे मार्ग ज्या कारणासाठी बांधले आहेत ते कारण हेच.

ब्रेक आणि टायर यांविषयी थोडक्यात. ट्रेलरचे विद्युत ब्रेक ट्रकमधल्या कंट्रोलरने चालतात आणि त्याची तीव्रता ट्रेलर भरल्यावर पुन्हा लावावी लागते : मोकळ्या जागेत ताशी वीस-पंचवीस मैलांनी जाताना हाताची कळ पूर्ण दाबल्यावर ट्रेलरची चाके जेमतेम अडकायच्या बेतात आली की ती योग्य समजावी. जोडणी तुटलीच तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार ट्रकच्या चौकटीला अडकवावी, साखळीला नव्हे. ट्रेलरचे टायर फार न झिजताही वयाने खराब होतात. त्यांच्या बाजूवरच्या सांकेतिक क्रमांकातले शेवटचे चार अंक बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. त्यांतले पुष्कळ ताशी ६५ मैलांच्या वेगापुरतेच बनवलेले असतात, आणि हवा थंड टायरमध्येच मोजायची असते.

मर्यादा ओलांडली गेल्याचे कळल्यावर बाजारात मिळणारे मागच्या स्प्रिंगांचे हवेचे फुगे किंवा जादा पाटे बसवून घेण्याकडे कल दिसतो. त्यांनी ट्रकचे मागचे टोक वर येते आणि दिसायला सारे ठीक होते, पण ब्रेक, अ‍ॅक्सल, चाके आणि चौकट तीच राहतात, म्हणून जीव्हीडब्ल्यूआरही तीच राहते; एवढेच नव्हे, फुग्यांनी आधीच उचललेल्या ट्रकवर भारवाटप हिचचे मोजमाप फसवे होते. पाऊण टनी ट्रक घेतला की प्रश्न मिटतो, हाही अर्धवट खरा समज. त्या वर्गातले अनेक ट्रक १०,००० पौंडांच्या जीव्हीडब्ल्यूआरवर थांबवलेले असतात, आणि डिझेल इंजिन फार वजनदार असल्यामुळे महागड्या सजावटीच्या डिझेल पाऊण टनी ट्रकचा पेलोड दोन हजारांच्या आसपासच उरतो. त्याच ट्रकचे पेट्रोल रूप कमी ओढते पण जास्त पेलते. आठ-साडेआठ हजारांच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी, उंच डोंगर रोज चढायचे नसतील तर, पेट्रोलचा साध्या सजावटीचा पाऊण टनी ट्रक हा पुष्कळदा अधिक शहाणपणाचा आणि स्वस्त पर्याय ठरतो. फिफ्थ व्हील, म्हणजे हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या वर जोडला जाणारा ट्रेलर, कमी झुलतो, परंतु आपल्या वजनाचा पंधरा ते पंचवीस टक्के भाग ट्रकवर टाकतो. १२,००० पौंडांच्या फिफ्थ व्हीलला वीस टक्क्यांनी २,४०० पौंड आणि वर हौद्यातल्या हिचचे वजन लागते, आणि तिथून पुढे एक टनी ट्रकाचाच विचार करावा लागतो.

ट्रक मोठा घेण्याऐवजी ट्रेलर लहान घेता येतो, हा पर्याय विक्रेता आपणहून सुचवत नाही, तरी तो हिशेबात धरावा. सायकली आणि जनरेटर ट्रेलरमध्ये नेणे, मुक्कामाच्या जागी नळ असेल तर टाकी रिकामी ठेवून निघणे, यांनीही काही शे पौंड वाचतात. मात्र पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर ती रिकामी केल्याने टंग वेट वाढते आणि पुढे असेल तर घटते, म्हणून टाकी कुठे आहे ते आधी पाहावे.

शेवटी परवान्याचा भाग, जो राज्याराज्यांत वेगळा आहे. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांहून अधिक जीव्हीडब्ल्यूआरचा ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला अव्यावसायिक 'ए' वर्गाचा परवाना लागतो, फिफ्थ व्हीलसाठी ही रेषा १५,००० पौंडांवर आहे आणि त्याखाली, पण १०,००० च्या वर, साध्या परवान्यावर जादा शेरा घ्यावा लागतो. शिवाय कोणताही ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल. टेक्सासात एकत्रित मर्यादा २६,००१ पौंड किंवा अधिक आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तेव्हाच 'ए' वर्गाचा प्रश्न येतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात ४,६०० किलोंहून जड ट्रेलरसाठी परवान्यावर वेगळा शेरा लागतो. या तरतुदींत ट्रेलरची छापील जीव्हीडब्ल्यूआरही मोजली जात असल्यामुळे ट्रेलर निम्मा रिकामा आहे असे सांगून सुटका होत नाही, आणि म्हणून ट्रेलरची अनामत रक्कम भरण्यापूर्वीच आपल्या राज्याच्या मोटार-वाहन विभागाची परवाना-पुस्तिका उघडून आपला परवाना पुरतो का ते पाहून घ्यावे.